‘सिन्युएट’च्या कसोटीवर एटिमऑनलाइन : एका व्युत्पत्तिकोशाचे परीक्षण

इंग्रजी शब्दांची कुळकथा विनामूल्य आणि भरवशाने सांगणारे एकच ठिकाण सुचवायचे झाले, तर मी ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘एटिमऑनलाइन’, हेच नाव घेईन. मात्र मूळ शब्द लॅटिन असेल, तर या संकेतस्थळाच्या शेजारी लॅटिनचा एक जुना कोशही उघडा ठेवावा, असे मी त्याच दमात सांगेन. व्युत्पत्तिकोशाची पारख सर्वपरिचित शब्दांवर होत नाही, कारण ते शब्द सगळेच कोश नीट देतात. एखादा आडबाजूचा शब्द घ्यावा, त्याच्या मुळापर्यंत जाण्याचा प्रयत्न करावा आणि कोश आपल्याला कुठपर्यंत सोबत करतो ते पाहावे. या परीक्षणासाठी मी घेतलेला शब्द आहे ‘सिन्युएट’, म्हणजे वळणावळणांचा, वक्र कडेचा.

रोजच्या इंग्रजीत हे विशेषण जवळजवळ भेटत नाही. ते वावरते वनस्पतिशास्त्रात आणि कीटकशास्त्रात. पानाची कडा मोठ्या, गोलसर वळणांनी आत-बाहेर होत गेलेली असेल, तर त्या कडेला सिन्युएट म्हणतात. आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे वांग्याचे पान. येथे एक बारकावा पाळावा लागतो, तो असा की ही वळणे पानाच्या सपाटीतच असली पाहिजेत. कडा वर-खाली हेलकावत असेल, म्हणजे पान टेबलावर ठेवल्यावर कडेचा काही भाग उचललेला राहत असेल, तर त्यासाठी ‘अन्ड्युलेट’ हा निराळा शब्द आहे आणि तो लाट या अर्थाच्या ‘उंदा’ या लॅटिन शब्दावरून आला आहे. सोसायट्यांच्या कुंपणालगत उंच वाढणाऱ्या हिरव्या अशोकाची पाने अशी असतात. भाषांतरात दोन्ही शब्दांना सरसकट ‘नागमोडी’ म्हटले, की ज्या वाचकाला त्या वर्णनावरून झाड ओळखायचे आहे त्याची वाट चुकते. कीटकांमध्ये ‘ॲग्रिलस सिन्युएटस’ नावाचा एक भुंगेरा आहे. त्याची अळी पेअरच्या झाडाच्या सालीखाली वेडीवाकडी नागमोडी बोगदी कोरत जाते आणि तिच्या या सवयीला ते नाव चपखल शोभते.

एटिमऑनलाइन हे पेन्सिल्वेनियातील लँकेस्टरच्या डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या सुरुवातीला उभे केलेले काम आहे. हार्पर यांचा पिंड पत्रकाराचा आणि इतिहासाच्या अभ्यासकाचा. विद्यापीठाचा विभाग किंवा प्रकाशनसंस्था पाठीशी नसताना एका माणसाने सुरू केलेला कोश आज जगभर वापरला जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी आपले मुख्य आधारग्रंथ लपवलेले नाहीत. वीकली, क्लाइन आणि बार्नहार्ट यांचे व्युत्पत्तिकोश आणि ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती हा या कामाचा पाया आहे. शब्दापुढे जे दशक दिलेले असते, ते त्या शब्दाच्या इंग्रजीतील सर्वांत जुन्या उपलब्ध लिखित नोंदीचे असते. शब्द त्याआधी बोलण्यात असू शकतो, हे नव्या वाचकाने लक्षात ठेवावे.

या कोशाची खरी ताकद नोंदींच्या एकमेकींशी असलेल्या जोडणीत आहे. ‘सिन्युएट’पासून निघालेला वाचक ‘सिनुआरे’ या लॅटिन क्रियापदापाशी येतो. त्याचा अर्थ वाकवणे, वळवणे. या क्रियापदाचे भूतकालवाचक विशेषण ‘सिनुआतुस’ आणि त्याचे इंग्रजी रूप ‘सिन्युएट’. क्रियापद स्वतः ‘सिनुस’ या नामापासून झालेले आहे, त्यामुळे पुढची पायरी ‘सायनस’ची नोंद ठरते, आणि तिथे एका घरातली सगळी भावंडे भेटतात. वळणांनी भरलेला तो ‘सिन्युअस’, ज्याची इंग्रजीतील पहिली नोंद १५७०च्या दशकातील आहे. आडून सुचवणे, हळूच मनात शिरकाव करणे हा अर्थ असलेले ‘इन्सिन्युएट’ हे क्रियापद त्याहून जुने, १५२०च्या दशकातले. ‘इन्सिनुआरे’ म्हणजे वळणे घेत घेत आत शिरणे. त्या काळी चांगल्या-वाईट दोन्ही हेतूंनी केलेला शिरकाव या शब्दात बसत असे. टोमण्याची छटा पुढे ठळक झाली. आता यातली एकेक नोंद तीन-चार ओळींचीच असते. पण एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जाताना हे नाते जसे डोळ्यांसमोर उलगडते, तसे ते छापील कोशाची पाने उलटताना सहसा उलगडत नाही.

‘सिनुस’चा अर्थविस्तारही ही नोंद थोडक्यात, पण नेमका देते. मूळ अर्थ वळण, बाक, घडी. त्यावरून किनाऱ्याचे आत वळलेले अंग, म्हणजे आखात. चंद्राच्या नकाशावरचे ‘सिनुस इरिडम’, इंद्रधनुष्यांचे आखात, याच अर्थाने नाव लावते. त्यावरूनच टोगा या रोमन वस्त्राची छातीवर येणारी सैल घडी, त्या घडीवरून छाती आणि कूस, आणि कुशीवरून माया, जिव्हाळा, अंतरंग. लुगड्याच्या पदराची ओटी करून तिच्यात नारळ-तांदूळ घेणारी मराठी बाई ही टोग्याची घडी न सांगता ओळखेल. आणि वस्त्राच्या खोळीचे नाव शरीराला लागण्याचा प्रकार तर ‘ओटीपोट’ या शब्दात आपल्याकडेही घडलेला आहे. वैद्यकाने हाच ‘सिनुस’ शरीरातील पोकळ्यांसाठी घेतला. ‘मला सायनस आहे’ असे आपण आजाराबद्दल म्हणतो, परंतु कपाळ, गाल, नाकाच्या बाजू आणि नाकामागचा भाग यांतील हाडांमध्ये हवेच्या या पोकळ्या प्रत्येकाला असतात. आजार असतो तो त्यांच्या अस्तराला सूज येण्याचा.

या नोंदीचा शेवट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘सिनुस’ कुठून आला, या प्रश्नाचे उत्तर हा कोश ‘मूळ अज्ञात’ असे देतो. त्याच्या अगदी उलट स्थिती ‘कर्व्ह’ या नेहमीच्या शब्दाची आहे. लॅटिन ‘कुर्वुस’मार्गे तो वळणे-वाकणे या अर्थाच्या एका आद्य इंडो-युरोपीय धातूपर्यंत, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज मानलेल्या भाषेतील धातूपर्यंत, नेता येतो, आणि त्या धातूच्या पानावर ‘सर्कल’, ‘सर्कस’, ‘क्राउन’ अशी मोठी प्रजा नांदताना दिसते. म्हणजे अर्थाने इतके जवळचे दोन शब्द, आणि एकाची वंशावळ हजारो वर्षांची, तर दुसऱ्याची लॅटिनच्या उंबरठ्यावर थांबलेली. जिथे पुरावा संपतो तिथे थांबण्याचे धैर्य व्युत्पत्तिकारात असावे लागते. आपल्याकडे नादसाम्यावरून व्युत्पत्ती जुळवण्याची हौस फार आहे, आणि ‘सर्कल’ व ‘चक्र’ हे एकच असल्याचे संदेश मोबाइलवरून फिरत असतात. वास्तविक ‘चक्र’चे सख्य आहे ते ‘व्हील’ आणि ‘सायकल’ यांच्याशी, कारण त्यांचा धातू फिरणे या अर्थाचा आणि वेगळा आहे. हे दोन धातू या कोशात दोन स्वतंत्र पानांवर आहेत आणि दोन्ही पाने प्रत्येक उत्साही वाचकाने एकदा तरी वाचावीत. तसाच गोंधळ ‘सिन्युअस’ आणि ‘सिन्यूइ’ यांचा होतो. दुसरा शब्द ‘सिन्यू’ म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, त्यावरून पिळदार, या अर्थाचा आहे. तो जर्मानिक घराण्यातला असून त्याचा ‘सिनुस’शी काहीही संबंध नाही. नर्तकीच्या अंगाला लवचीक म्हणायचे आहे की पिळदार, हा फरक भाषांतरात लहान नसतो.

आता ज्या नोंदीसाठी मराठी वाचकाने हा कोश उघडलाच पाहिजे, तिच्याकडे वळू. त्रिकोणमितीतील ‘साइन’ हा शब्दही याच ‘सिनुस’चा. इंग्रजीत तो १५९०च्या दशकात, छायायंत्रे, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारी यंत्रे, तयार करण्याच्या विद्येवरील थॉमस फेल यांच्या पुस्तकात आढळतो, असे नोंद सांगते आणि पुढे थेट संस्कृतपर्यंत पोहोचते. धनुष्याची दोरी ती ‘ज्या’. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही ज्या किंवा जीवा. शाळेच्या भूमितीत आपण आजही ‘जीवा’ आणि ‘त्रिज्या’ हेच शब्द शिकतो. इ. स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने या दोरीच्या निम्म्या लांबीचे, म्हणजे अर्धज्येचे, कोष्टक दिले. ३४३८ एककांची त्रिज्या धरून त्याने पाव वर्तुळाचे २४ भाग केले आणि लागोपाठच्या अर्धज्यांमधील फरक २२५, २२४, २२२, २१९ अशा क्रमाने सांगितले. पुढे ‘अर्ध’ गळून नुसते ‘ज्या’ राहिले. अरबी गणितज्ञांनी ‘जीवा’ हा पर्याय ‘जीब’ असा कानावरून उचलला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नसल्यामुळे तीच अक्षरे ‘जैब’ अशीही वाचता येतात, आणि ‘जैब’ हा अस्सल अरबी शब्द असून त्याचा अर्थ वस्त्राचा गळा, छातीवरची घडी, कूस असा आहे. हिंदीतील खिसा या अर्थाचा ‘जेब’ तो हाच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकाराने ‘जैब’साठी घडी आणि कूस या अर्थाचा लॅटिन शब्द योजला, तो ‘सिनुस’. धनुष्याची दोरी अशा रीतीने वस्त्राची घडी झाली, आणि आज जगभरचे विद्यार्थी त्या घडीचे संक्षिप्त रूप गणकयंत्राच्या कळीवर वाचतात.

हीच नोंद माझ्या पहिल्या आक्षेपाचेही कारण आहे. भाषांतराचे हे काम क्रेमोनाच्या गेरार्दोने केले आणि त्याने दोन अरबी शब्दांची गल्लत केली, असे ती निःशंकपणे सांगते. गणिताच्या इतिहासाच्या काही पुस्तकांत मात्र हाच मान चेस्टरच्या रॉबर्टला दिलेला आढळतो. शिवाय ‘गल्लत’ हा शब्द मला घाईचा वाटतो. परकी ‘जीब’ अरबी वाचकांच्या तोंडी आधीच ओळखीची ‘जैब’ झाली असेल, तर लॅटिन भाषांतरकाराने समोरच्या शब्दाचे चोख भाषांतर केले असेच म्हणावे लागेल. जो कोश ‘सिनुस’च्या मुळाबाबत इतका संयम दाखवतो, त्याने येथेही एखादे ‘बहुधा’ घालायला हवे होते. नोंद आटोपशीर ठेवण्याच्या नादात आर्यभटापर्यंतची वाटही वाचकाला स्वतःच शोधावी लागते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. हा कोश शब्दाचे अर्थ सांगतो, पण तो शब्द प्रत्यक्ष वाक्यांत कसा वापरला गेला हे क्वचितच दाखवतो. आणि लॅटिन शब्दाचे व्याकरण तो बहुतेक वेळा बाजूला ठेवतो. ‘सिनुस’च्या बाबतीत हे व्याकरण जाणून घेतल्याखेरीज ‘सिन्युएट’मधला ‘यु’ आला कुठून, याचा उलगडा होत नाही. म्हणून मी सुरुवातीला म्हटलेला दुसरा कोश लागतो. चार्ल्टन लुइस आणि चार्ल्स शॉर्ट यांचा १८७९चा लॅटिन कोश टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या ग्रंथालयात आणि शिकागो विद्यापीठाच्या ‘लोगेइऑन’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. तिथे ‘सिनुस’पुढे त्याचे षष्ठीचे रूप दिलेले असते, आणि त्यावरून कळते की हा शब्द लॅटिनच्या चौथ्या गणातला आहे. संस्कृत शिकलेल्या वाचकाला हा गण लगेच आपलासा वाटेल, कारण तो म्हणजे ‘भानु’, ‘गुरु’ यांच्यासारखा उकारान्त शब्दांचा गण. मूळ अंग ‘सिनु’ आहे. त्याला ‘आरे’ लागून ‘सिनुआरे’ झाले आणि ‘भरलेला’ या अर्थाचा ‘ओसुस’ प्रत्यय लागून ‘सिनुओसुस’ झाले. तो उकार आजच्या इंग्रजी उच्चारातही टिकून आहे. याच कारणाने ‘सायनस’चे अनेकवचन ‘सायनाय’ करणे चुकीचे ठरते. लॅटिनमध्ये अनेकवचनातही हा शब्द ‘सिनूस’ असाच राहतो, फक्त शेवटचा उकार दीर्घ होतो.

लुइस आणि शॉर्ट यांच्या कोशात शब्द कवींच्या हाती कसा होता हेही दिसते, आणि अर्थाची खरी ओळख मला तिथेच होते. व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या दुसऱ्या सर्गात समुद्रावरून दोन प्रचंड सर्प लाओकून या पुजाऱ्याच्या रोखाने येतात, त्यांच्या पाठी वेटोळ्यांनी वळत जातात, त्या क्रियेसाठी ‘सिनुआरे’चे रूप आले आहे. त्याच कवीच्या शेतीविषयक काव्याच्या पहिल्या भागात सप्तर्षी आणि ध्रुवमत्स्य यांच्या मधून वळसा घेत सरकणारा आकाशातील सर्प आहे, म्हणजे ज्याला आज ड्रॅको म्हणतात तो तारकासमूह. त्याच्या वळणाला ‘सिनुओसुस’ हे विशेषण असून तो नदीसारखा वाहतो असे म्हटले आहे. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या आठव्या सर्गात मिनोस राजा बाण लावून धनुष्य वाकवतो, तिथेही क्रियापद ‘सिनुआरे’च. ज्या शब्दाच्या पोटी पुढे संस्कृतातील धनुष्याची दोरी येऊन बसणार होती, तो ओव्हिडच्या हाती आधीच धनुष्य वाकवत होता. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही, तरी तो पाहून मला विलक्षण आनंद झाला.

या कवींच्या मागोमाग इंग्रजी कवींनी ‘सिन्युअस’ उचलला. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या सातव्या सर्गात जमिनीवर सरपटणाऱ्या जिवांच्या मागाला तो लावला आणि कोलरिजने १८१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कुब्ला खान’मध्ये बागेतील ओढ्यांना. पुढे नदीविज्ञानाने त्यावरून ‘सिन्युऑसिटी’ हे मोजमापच तयार केले. नदीच्या पात्राची प्रत्यक्ष लांबी भागिले खोऱ्याची सरळ लांबी असा हा गुणोत्तराचा हिशेब असून ते सुमारे दीडच्या वर गेले की नदी नागमोडी मानतात. ही सगळी माहिती एटिमऑनलाइनवर मिळावी अशी अपेक्षा ठेवणे रास्त नाही. परंतु महत्त्वाच्या शब्दांना कवीचे किंवा ग्रंथाचे एकेक उदाहरण जोडले, तर नोंदींचे मोल कितीतरी वाढेल. तारखांसह अवतरणे हवी असलेल्या अभ्यासकाला ‘ऑक्सफर्ड’कडेच जावे लागते. त्याची १९८९ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे आणि ऑनलाइन आवृत्तीसाठी वर्गणी भरावी लागते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून ती मिळत असेल, तर ती सोय जरूर वापरावी.

वापरण्याच्या दृष्टीने एटिमऑनलाइन सुटसुटीत आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावरही नोंद एका नजरेत वाचून होते. लुइस आणि शॉर्ट यांच्या कोशात मात्र ग्रंथकारांची संक्षिप्त नावे आणि आकडे एकापाठोपाठ एक येत राहतात; पहिल्या काही वेळा ‘लोगेइऑन’वरील लहान कोशांचे उतारे आधी वाचून मग त्या मोठ्या नोंदीकडे गेलेले बरे. शालेय विद्यार्थ्याला पहिला कोश पुरेसा आहे. भाषांतर करणाऱ्याने, विज्ञान मराठीत लिहिणाऱ्याने आणि परिभाषा घडवणाऱ्याने दोन्ही वापरावेत, कारण ‘सिन्युएट’साठी मराठी शब्द ठरवताना वळण कडेचे आहे, पृष्ठभागाचे आहे की मार्गाचे आहे हे आधी निश्चित व्हावे लागते, आणि ती निश्चिती दोन्ही कोश मिळून करून देतात.

मराठीसाठी अशा कोशाची उणीव मला नेहमी जाणवते. मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात शोधता येते आणि ती अनमोल आहे, पण तो मुख्यतः अर्थांचा कोश आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ शब्दांची मुळे देतो. त्यातील ‘ओटी’वरून ‘ओटीपोटा’कडे, ‘जीवे’वरून ‘त्रिज्ये’कडे आणि तिथून ‘साइन’कडे बोटाच्या एका स्पर्शाने जाता यावे, इतक्याच जोडणीचे काम करायचे राहिले आहे. हार्पर यांच्या उदाहरणावरून दिसते की ते एका चिकाटीच्या माणसालाही सुरू करता येते.